कहाणी सोवळ्यातल्या पासबुकाची

ऐका पुंजीमाई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, नगरात पेन्शनरांची आळी होती. तिथं त्र्यंबकराव नावाचे रिटायर हेडक्लार्क राहत. गोदाक्का त्यांची बायको. पगार गेला, पेन्शन आली, पण थाट काही जाईना. पहिल्या महिन्यात रावांनी व्यायामाची सायकल आणली. तिच्यावर चड्ड्या वाळू लागल्या. दुसऱ्या महिन्यात मित्रांना बासुंदी घातली. तिसऱ्या महिन्यात बोलणारं घड्याळ आणलं. ते इंग्रजीत बोले, कुणाला कळेना.

इकडे गोदाक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशनचं नाव काढलं की राव म्हणत, "पुढच्या पेन्शनीला बघू." चहात मीठ पडू लागलं. एके दिवशी देवीला कुंकवाऐवजी तिखट लागलं. गोदाक्का मटकन बसली नि रडू लागली.

मग काय झालं? दारी एक म्हातारी आली. चष्मा दोरीनं बांधलेला, जीभ मोकळी. "बाई, बाई, रडतेस का?"

"आजी, पैसा टिकत नाही नि डोळा राहत नाही."

"रडून राहील का? पुंजीमाईचा वसा घे. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. सासूचं रेशमी सोवळं काढ. त्यात पासबुक गुंडाळ, काठीनं उंच वळणीवर टाक. पैसा हवा त्यानं गार पाण्यानं न्हावं, ओलेत्यानं वळणीखाली उभं राहावं. तू तीनदा विचार, 'कशाला?' तिन्ही वेळा एकच उत्तर आलं तर पासबुक काढ. नाही आलं तर टॉवेलसुद्धा देऊ नको."

गोदाक्कानं वसा घेतला. राव म्हणाले, "अगं, एटीएमचं कार्ड?"

"तेही सोवळ्यात."

पौषाचा महिना. रावांचा भाचा दिगू आला. "मामी, सागाच्या झाडांची स्कीम आहे. मामांचे पैसे घाला."

"न्हाऊन ये."

न्हाला. उभा राहिला. कशाला? "दामदुप्पट होईल." कशाला? "दीडपट तरी." कशाला? "मुद्दल बुडणार नाही बहुतेक." मग दिगू ओल्या अंगानंच पळाला.

मग राव उठले. "मी घरधनी आहे. मला चारचाकी हवी." न्हाले. कशाला? "फिरायला." कशाला? "समोरच्या साळव्यांनी घेतली." कशाला? दातावर दात आपटू लागले. "कशालाच नाही गं बाई, चहा दे!" हसू नका गं मागच्या बायांनो, तुमच्या घरी काय वेगळं आहे?

राव चिडले. "आम्हांला नियम, तुला नाही का?"

गोदाक्का उठली. चाचपडत मोरीत गेली, दोन तांबे ओतून घेतले, ओल्या लुगड्यानं उभी राहिली. रावांनी विचारलं, कशाला? "डोळ्यांला." कशाला? "डोळ्यांला." कशाला? "डोळ्यांला म्हणते ना! तुमचे कान गेले की काय?"

राव खाली मान घालून न्हायला गेले. ओलेत्यानं आले, काठी घेतली, स्वतः पासबुक काढलं.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली. गोदाक्कानं पहिलं कुणाला पाहिलं? नवऱ्याला.

"अगंबाई, अहो, किती हो वाळलात!"

"पेन्शनीत मावायचं," राव म्हणाले, "तर वाळायलाच हवं."

पुंजीमाई जशी गोदाक्काला पावली तशी तुम्हां-आम्हांला पावो. डोळ्यांला उजेड, गाठीला पैसा मिळो, नवऱ्याला उत्तर सुचो. ही साठीपुढची कहाणी, पाचां बोटांच्या मुठीत सुफळ संपूर्ण.