ठकूअक्काचं पाणी

घराच्या पायरीपासून देवळाच्या उंबऱ्यापर्यंत सगळं हातानं घडवलेल्या दगडाचं असायचं, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत चिरेवाडी नावाचं गाव होतं आणि गावामागे काळ्या खडकाची खाण होती. गावात सगळे पाथरवट. तिथली पोरं चालायच्या आधी छिन्नी धरतात, असं म्हणतात. आता कुणाला खोटं वाटत असेल तर वाटू दे, गावाला त्याचा अभिमान होता एवढं मात्र खरं.

पण या गावाची एक भलतीच रीत होती. तिला म्हणायचे कोरडी. कोरडी म्हणजे काय, तर सकाळी खाणीत उतरलं की पहिला चिरा सुटेपर्यंत पाण्याच्या थेंबाला तोंड लावायचं नाही. गडी पाणी प्याला की खडक रुसतो आणि चीर वाकडी जाते, असा समज. चैत्राचं ऊन डोक्यावर आग ओतायचं, जीभ टाळूला चिकटायची, पण मजाल आहे कुणी पाणी मागेल! मागितलं की बाकीचे हसायचे, आणि हसणं त्या मंडळींना तहानेपेक्षा जड जायचं.

मग व्हायचं काय? चांगला दांडगा गडी एखाद्या दिवशी कमरेवर हात दाबून मटकन खाली बसायचा. बरगडीखालून कळ निघायची ती थेट जांघेत उतरायची. गावकरी म्हणायचे, "खडकानं आपलं पिल्लू याच्या पोटात घातलं." त्याला उचलून खाणीतच असलेल्या खाणदेवाच्या शिळेपुढे निजवायचे आणि त्याचं पाणी अजिबात तोडायचे. पाणी दिलं तर पिल्लू वाढेल ना! काहींचं दुखणं आपोआप थांबायचं. काही जण स्वतःच थांबायचे.

या गावात ठकूअक्का राहायची. लग्न होऊन शेजारच्या खाणीवर गेली होती, पण तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. नवरा कशानं गेला? याच दुखण्यानं. तिथंही हीच समजूत, सगळ्यांनी त्याचं पाणी तोडलं, तो ओठ चाटत पाणी पाणी करत राहिला, आणि ही नवी नवरी पदराआड तोंड दाबून रडत राहिली. भरला तांब्या हातभर अंतरावर होता. तो तांब्या तिच्या डोळ्यांपुढून पुढे कधी हलला नाही.

माहेरी आल्यावर ती आजीच्या हाताखाली झाडपाला शिकली आणि मुतखड्याचा, म्हणजे गावाच्या भाषेतल्या त्या खडकाच्या पिल्लाचा, तर तिनं ध्यासच घेतला. तिच्याकडे कुणी पोट धरून आलं की ती आधी नुसती बघत बसायची. साधी पोटदुखी असेल तर माणूस मुटकुळं करून गप पडतो. मुतखडेवाल्याला ना बसवत ना निजवत, तो मासळीसारखा तडफडतो. मग ती पाठीवर बरगडीखाली हलकी मूठ मारायची. माणूस कळवळला की मान डोलवायची. लघवी काशाच्या वाटीत धरायला लावायची आणि उन्हात नेऊन बघायची, तांबूस झाक आहे का. पाठीला कान लावला की तिला आतला खडा किती मोठा ते ऐकू यायचं, असंही म्हणतात. ते मी काही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण तिचं निदान चुकलं असं सांगणारा माणूस अजून मला भेटायचाय.

बाया आणि म्हातारी माणसं तिचं औषध घ्यायची. हुलग्याचं कढण, सराट्याचा काढा आणि भरपूर पाणी. खाणीतले गडी मात्र तिच्या दारात फिरकत नसत. पाणी प्यायला सांगणारी वैदीण म्हणजे त्यांना नामर्दाचं औषध वाटायचं. आणि त्या गड्यांचा मुकादम कोण, तर तिचाच धाकटा भाऊ लिंबाजी! कोरडी पाळावी तर त्यानंच.

एका वर्षी देवळाच्या हौदासाठी अखंड शिळा हवी होती. लिंबाजीनं खाणीतला सगळ्यात मोठा खडक निवडला. आठवडा गेला, खडकाला ओळीनं भोकं पाडून झाली, त्यात सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकून झाल्या. चिरा काही सुटला नव्हता, म्हणून रोज सकाळपासून उन्हं कलेपर्यंत लिंबाजी कोरडा. आणि शेवटची पाचर ठोकताना त्याच्या हातातून घण सुटला. मुकादम जमिनीवर पडून माती उकरायला लागला.

त्याची बायको सोनाबाई धावत ठकूअक्काकडे आली. "वन्सं, चला हो! त्यांना शिळेपुढं निजवलंय. पाणी तोडलंय."

ठकूअक्का पोचली तेव्हा लिंबाजीचे ओठ फुटले होते. गावातला जुना जाणता भिकोबा शिळेपाशी हात पसरून उभा होता. ठकूनं भावाच्या पाठीवर मूठ टेकवली मात्र, तो किंचाळला. तिनं तांब्या पुढे केला.

"ठके, मागं हो!" भिकोबा ओरडला. "पिल्लाला पाणी मिळालं तर ते वाढंल. भावाला मारतीस का?"

आणि लिंबाजीनं काय करावं? दात घट्ट मिटून घेतले. "नको अक्का," तो दातांतूनच म्हणाला. "मेलो तरी चालंल. मुकादमानं कोरडी मोडली म्हणून गाव हसंल."

ठकूअक्काला असा संताप आला म्हणता! तिनं पदर खोचला आणि भिकोबाला सोडून भावालाच धरलं.

"लिंब्या, तुझे दाजी असेच गेले. तवा मी पदराआड रडले. आज रडायची न्हाय. मला एवढंच सांग, तो खडक कशानं फुटतो?"

"घणानं."

"खोटं! घणानं भोक पडतं. मग पाचरीवर पाणी वततोस तवाच ना लाकूड फुगून खडक फाकतो? आजवर कोरड्या पाचरीनं एक तरी खडक सोडलाय का रं? अरे, लाकडाला पाणी पाजता आणि माणसाला कोरडं ठेवता. अक्कल कुठं गहाण टाकली तुम्ही?"

सगळ्या गड्यांचे डोळे त्या ओळीनं ठोकलेल्या पाचरींकडे वळले. रोज डोळ्यांपुढे घडणारी गोष्ट, पण कुणाच्या म्हणून ध्यानात आली नव्हती. भिकोबा शिळेपासून बाजूला झाला.

"आता असं करू," ठकूअक्का म्हणाली. "खडकाला आणि माझ्या भावाला एकदमच पाणी पाजू. खडक फुटला आन् हा नाही उठला, तर मी हे गाव सोडते. पुन्हा कुणाच्या नाडीला हात लावायची न्हाय."

बोलली तर खरं, पण मनातून भ्याली होती. गावाची तिला फिकीर नव्हती. हा तांब्याही फुकट गेला तर पुढे जगायचं कसं, हीच धास्ती होती. तिनं सोनाबाईला बाजूला घेऊन बजावलं, "बैलगाडी जुंपून ठेव. कापरं भरून ताप आला किंवा लघवी साफ बंद झाली, तर ते माझ्या हातचं न्हाय. तसंच शहरातल्या डॉक्टरकडं न्यायचं, माझी वाट बघायची न्हाय."

गावातल्या सगळ्या बाया घागरी घेऊन निघाल्या. निम्म्या घागरी पाचरींवर, निम्म्या लिंबाजीसाठी. लिंबाजीनं मिटलेले दात सोडले आणि ठकूअक्का घोटाघोटानं पाजत राहिली. मध्येच हुलग्याचं कढण, मध्येच तापल्या विटेचा शेक. कळ जरा ओसरली की भावाच्या बगलेत हात घालून त्याला चालवायची. तो शिव्या द्यायचा, ती ऐकून घ्यायची. लघवी दर वेळी फडक्यातून गाळायची, कारण खडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचा विश्वास बसायचा नाही. त्या दिवशी विहीर तळाला गेली आणि बघता बघता पुन्हा काठोकाठ भरली, असं म्हणतात.

दिवस मावळला, उजाडायला आलं. ताप आला नाही, पण खडाही आला नाही. भिकोबा पुटपुटायला लागला. ठकूअक्कानं आणखी एक तांब्या भरला. लिंबाजीनं या खेपेला न सांगता तो हातात घेतला आणि एका दमात रिकामा केला.

सूर्य वर आला आणि खाणीत काडकन् आवाज झाला. डोंगर हलला, झाडांवरची पाखरं उडाली. तो अजस्र खडक पाचरींच्या ओळीनं सरळसोट फाकला होता, सुरीनं कापल्यासारखा. आणि त्याच क्षणी, असं म्हणतात, झुडपाआडून लिंबाजीची आरोळी आली. फडक्यात हरभऱ्याएवढा काटेरी खडा होता. ठकूअक्कानं तो काशाच्या वाटीत टाकला, टण्ण् वाजला, आणि तो आवाज पार वेशीपर्यंत गेला.

ठकूअक्का खाली बसली आणि त्या गर्दीत ढसाढसा रडली. या वेळी पदर तोंडावर घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून लिंबाजी मुकादम घागर खांद्यावर घेऊन खाणीत उतरू लागला. प्रत्येक गड्यापुढे उभा राहायचा. "आधी पाणी, मग घण." कुणाची हसायची हिंमत झाली नाही. भिकोबासुद्धा मुकाट्यानं ओंजळ पुढे करायचा.

वर्षं लोटली. ठकूअक्का पिकल्या केसांची झाली आणि एक दिवस अंथरुणाला खिळली. शेवटची घटका आली तशी म्हाताऱ्या लिंबाजीनं तिच्या तोंडाजवळ तांब्या नेला. तिनं दात मिटून घेतले. सगळे घाबरले. मग तिनं डोळे उघडले, मिश्किल हसली आणि म्हणाली, "सकाळपासून उशाशी बसलायस. आधी तू पी." लिंबाजी रडत रडत प्याला. मग ती प्याली, आणि गेली.

त्या फुटलेल्या खडकाच्या एका भागाचा देवळात हौद झाला. दुसरा भाग खाणीच्या तोंडाशी आहे. त्यावर मूर्ती नाही की नाव नाही. मुतखडा पडलेला माणूस तिथं येऊन आपला खडा ठेवून जातो. शहरातल्या दवाखान्यात यंत्रानं फोडून घेतलेले लोकसुद्धा पुडीत भुकटी बांधून आणतात आणि खाणीतल्या गड्यांना एक घागर पाणी पाजून जातात.

आणि चिरेवाडीत पाहुणा म्हणून गेलात तर बिचकू नका. जगात सगळीकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. तिथं ठकूअक्काच्या शेवटच्या शब्दाला जागून घरची बाई आपल्या पेल्यातून आधी स्वतः दोन घोट पिते, आणि मगच तुमच्या हातात तांब्या देते.