गोडी विहीर आणि आवळा

आटपाट नगर नव्हे, साधी वाडी होती. तिथल्या विहिरीच्या काठावर आवळ्याचं झाड होतं. कार्तिकात बायका त्याच्याखाली आवळीभोजनाला जमत. जेवणं झाली की सगळ्या आवळे चावत, तोंडं वाकडी करत आणि वर विहिरीचं पाणी पीत. येसूआत्या दरवर्षी म्हणायची, "काय गोड पाणी आहे गं!"

विहीर फुगून गेली. आवळ्याला म्हणाली, "पानं पाडू नकोस माझ्यात. तुझा तुरटपणा उतरेल!"

"अगं, त्या तुरटपणातच माझं औषध आहे," आवळा म्हणाला. विहीर नुसती हसली.

पुढं पानांनी पाणी कुजतं म्हणून वाडीनंच आवळा तोडला. कार्तिकात येसूआत्या उघड्या काठावर आली, ओंजळभर पाणी प्यायली आणि थबकली.

"पाणी तेच आहे," ती हळूच म्हणाली. "आधी आवळा खायचो ना आपण, म्हणून गोड लागायचं."

विहीर त्या दिवशी तोडलेल्या खोडाकडे बघत राहिली.

बऱ्याच वर्षांनी तिच्या दगडांच्या फटीत आवळ्याचं रोपटं उगवलं. एक पान चुकून पाण्यात पडलं, तसं रोपटं घाबरलं.

"पाड रे," म्हातारी विहीर म्हणाली. "खुशाल पाड."