सोनाआत्याच्या दारातला उतार

नदीकाठच्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते करायचा. पण सांगाल तेवढंच, आणि सांगाल तसंच.

घरात तो आणि त्याची सोनाआत्या. आत्यानंच त्याला लहानाचा मोठा केला होता. पुढं विहिरीवर पाय घसरला, आत्याचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती वॉकर धरून चालायला लागली. घराचा उंबरा हा एवढा उंच, बाहेर पायऱ्या. बायका पारावर जमायच्या आणि आत्या दारातून नुसती बघायची. येसबा तिला पाठंगुळीला घेऊन जायला तयार होता. पण आत्याला ते नको होतं. मी काय तान्हं पोर आहे, म्हणायची.

अशा माणसांच्या दारात पंचायत पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार बांधून देते, असं तिच्या कानावर आलं. तिनं येसबाला धाडलं.

"ग्रामसेवकाचे पाय धर, पण काम करून आण."

ग्रामसेवक भाऊसाहेब चहाचा कप घेऊन कचेरीबाहेर येत होते. येसबानं त्यांचे दोन्ही पाय घट्ट धरले. भाऊसाहेब आडवे झाले, चहा सदऱ्यावर सांडला. तरी येसबानं पाय सोडले नाहीत. काम कुठं झालं होतं? उद्याच माप घ्यायला माणूस पाठवतो, अशी भाऊसाहेबांनी आईची शपथ घेतली, तेव्हा कुठं त्यांची सुटका झाली.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, मोठ्या माणसाला असं धरायचं नसतं. लांब उभं राहायचं आणि हात जोडायचे."

"बरं," येसबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियरबाई आल्या. टेप उलगडत आत शिरल्या आणि उंबऱ्याला अडखळल्या. 'अहो, धरा,' म्हणाल्या. येसबा चटकन लांब सरकला आणि त्यानं हात जोडले. बाई पडल्या त्या थेट पिठाच्या परातीत. उठल्यावर त्यांनी पांढऱ्याफटक तोंडानं सांगितलं, की उतार तर द्यायचाच, पण हा उंबरा आधी काढायचा.

"अरे, पडलेलं माणूस दिसलं की काखेत हात घालून उभं करायचं," आत्या म्हणाली.

"बरं."

मंजुरी मिळाली. उस्मानभाई गवंड्यांनी उंबरा काढला, उतार ओतला आणि तो सरळ उतरतो का ते बघायला जमिनीला गाल लावून पालथे पडले. येसबानं मागून येऊन त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. केलं ते ओल्या उतारावर. उस्मानभाई घोट्यापर्यंत सिमेंटात गेले.

त्यांनी पाय धुतले, उतार पुन्हा थापला आणि जाताना एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "नवं आहे, अजून कच्चं आहे. पक्कं होईस्तोवर पाणी मारत राहायचं. वर ओली पोती टाकायची. आणि अजिबात भार पडू द्यायचा नाही."

हे काम मात्र येसबानं चोख केलं. पोती काढली त्या दिवशी आत्या वॉकर टेकत आपल्या पायांनी पारापर्यंत गेली. बायकांनी सरकून जागा दिली. येसबा दारात उभा राहून रडला.

आता आत्याला न्हाणीत धरायला भिंतीत दांड्या बसवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्यासाठी तालुक्याचे साहेब यायचे होते. ते आले, तसे सरपंच येसबाच्या कानाशी लागले.

"साहेब नवे आहेत, अजून कच्चे आहेत. त्यात सगळ्या तालुक्याचा भार अंगावर पडलाय. जरा सांभाळून घे."

कच्चे असताना भार? येसबाचं काळीज हललं.

साहेब उतारावर उभे राहून आत्याला नमस्कार करत होते. तेवढ्यात पहिली बादली आली. मग दुसरी. मग ओली पोती, एक खांद्यांवर, एक डोक्यावर. पोत्याखालून साहेब म्हणाले, दांड्या मंजूर, पण याला आवरा. सरपंच घाईघाईनं शाल आणि हार घेऊन पुढं झाले, तर येसबा आडवा आला.

"काही टाकू नका. भार पडेल," तो म्हणाला, आणि तिसरी बादली भरायला गेला.