रिकाम्या घरातला साधुकार

“पण भन्ते, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा कामाला लावणं, हे पुण्य नाही का? तुम्ही अजून उत्तर दिलं नाही.”

रेवत भन्ते पांढऱ्या चादरीवर बसले होते. समोर जेवण झाकून ठेवलेलं होतं.

“म्हणजे नाही?”

“कामाला लावलं म्हणजे काय केलं, ते आधी दाखवा.”

झालं. उद्धव गोंडाण्यांना एवढंच हवं होतं.

गोंडाण्यांचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला. दूरध्वनी खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. माणूस हुशार, आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला विसरू न देणारा. बायको रत्नमाला गेली आणि त्यांना एक नाद लागला. कुठली शाळा, कुठली कचेरी आपले जुने डेस्कटॉप काढून टाकते. नागपूरचा एक व्यापारी ते उचलतो, साफसूफ करतो, आत नवी डिस्क घालतो आणि पडेल भावात विकतो. गोंडाणे तिथून एकेक घेऊन यायचे. ऑटोतून उतरवताना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

काम असतं म्हणून माणूस संगणक आणतो. गोंडाणे आधी संगणक आणायचे आणि मग त्याला काम शोधत बसायचे.

त्या दिवशी रत्नमालाबाईंचं पुण्यानुमोदन होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं भिक्खूला भोजनदान द्यायचं आणि त्या दानाचं पुण्य गेलेल्याला अर्पण करायचं, अशी आमच्यात रीत आहे. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाही. तेव्हा दान बाराच्या आत व्हावं लागतं, नाही तर ते झालंच नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आदल्या वर्षी याच पुण्यानुमोदनाला सगळी गल्ली तिथं जेवायला होती. पंगतीत कुणी प्लॉटचा विषय काढला, कुणी जावयाचा, कुणीतरी मोठ्यानं हसलं. गोंडाणे मधोमध येऊन उभे राहिले. “हा काय लग्नाचा मांडव आहे?” असं म्हणाले. लोक अर्ध्या ताटावरून उठले. गल्लीही काही कमी मानी नाही. त्यानंतर त्या घराची पायरी कुणी चढलं नाही.

त्यामुळे या वर्षी घरात दोघंच होते. भन्ते आणि गोंडाणे. तिथं काय घडलं ते मला पुढे गोंडाण्यांनीच सांगितलं.

बसायला खुर्च्या पुष्कळ होत्या. पण प्रत्येक खुर्चीवर एकेक संगणक बसला होता.

“हा दारावरचा,” गोंडाणे म्हणाले. “तुम्ही आलात तेव्हा ‘नमो बुद्धाय, आत या’ म्हणाला ना? तो हा. कॅमेरा लावलाय. कोण आलं, कधी आलं, सगळं ठेवतो.”

“कोण येतं?”

“दूधवाला.”

भन्ते थांबले. आणखी कुणाचं नाव येतं का, याची वाट पाहत असावेत.

“आणि मांजर,” गोंडाणे म्हणाले.

मग त्यांनी बैठकीतला दाखवला. त्यावर रत्नमालाबाईंचे फोटो एकामागून एक सरकत होते. गल्लीतल्या बोरकरांच्या लग्नातल्या रत्नमालाबाई, दीक्षाभूमीवरच्या रत्नमालाबाई, उन्हानं डोळे बारीक केलेल्या रत्नमालाबाई.

“स्वयंपाकघरातला कृती वाचून दाखवतो. आजची खीर त्यानंच सांगितली, भन्ते. मी केली. आयुष्यात पहिल्यांदा केली. वरण, भात, वांग्याची भाजी, सगळं माझ्या हातचं आहे. सुरू करा तुम्ही, मी आलोच.”

आणि ते आतल्या खोलीत गेले.

भन्त्यांनी ताटाकडे एकदा पाहिलं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“हा गोळीचा!” आतून आवाज आला. “वेळ झाली की विचारतो, ‘गोळी घेतली का?’ मी बटण दाबेपर्यंत विचारत राहतो. सोडत नाही!”

“बटण दाबता की गोळी घेता?”

गोंडाणे बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरला होता. पण दाखवायचं अजून बरंच शिल्लक होतं.

“झोपायच्या खोलीत एक आहे,” ते म्हणाले. “तो दाखवण्यासारखा नाही. नुसता आवाज करतो.”

“कसला?”

“भांड्यांचा. भांडी घासल्याचा, झाकण पडल्याचा. पाटा-वरवंट्याचा थोडा. दिवा घालवला की मी तो सुरू करतो. स्वयंपाकघरात कुणीतरी आहे असं वाटतं. मग झोप लागते.” ते घाईनं हसले. “विजेला फार लागत नाही. जुनं मशीन आहे, पण दणकट.”

भन्ते हसले नाहीत.

“रत्नमालाबाई अशा दिवशी काय करायच्या?” त्यांनी विचारलं. “भिक्खू जेवायला आले म्हणजे?”

“ती? ती इथंच असायची. तुमच्यासमोर. हलायची नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी माइकपाशी! विहारात, लग्नात, जयंतीला, कुठंही कार्यक्रम असला की माइक माझ्याकडे. कुणाला जमतं ते? जरा दुर्लक्ष केलं की शिट्टी मारायला लागतो. उभ्या गावाचे आवाज आहेत माझ्याकडे, भन्ते. मेलेल्या माणसांचेसुद्धा. धम्मचारी गेले, सरपंच गेले, सगळे आहेत.” ते बोलता बोलता थांबले. “तिचा तेवढा नाही.”

“का?”

“ती माइकपुढे कधी आलीच नाही. आणि घरात… घरात कोण रेकॉर्ड करतं?”

बाहेर भाजीवाल्याची हाक झाली. ती गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन विरली. गोंडाण्यांच्या दाराशी तो थांबत नसे.

“मग मला सुचलं,” गोंडाणे हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. “विहारातली एक जुनी फीत होती. शेवटी सगळे साधुकार देतात ना, ‘साधु, साधु, साधु’ म्हणून? तो पूर्ण आलाय त्या फितीत. बाया, माणसं, पोरं, सगळ्यांचा. ती त्या दिवशी विहारात होती, भन्ते. पुढून दुसऱ्या रांगेत. मी डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे त्या आवाजांत तिचा आवाज आहे. असायलाच पाहिजे.”

“सापडला?”

“शोधतोय. मागच्या पडवीत ठेवलाय ना, तो शेवटचा, त्याला तेवढंच काम. आवाज वेगवेगळे करतो. बोरकरची बाई सापडली, नरेंद्रची आई सापडली. तिचा अजून नाही.” त्यांनी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे नजर टाकली. “आज तोच साधुकार सगळ्या खोल्यांतून लावलाय. दान झालं की साधुकार हवाच. माणसं नाहीत तर नाहीत. बाराची वेळ लावून ठेवलीय. तुम्ही जेवा, भन्ते, शांतपणे. मी पडवीत बसतो, तिथून सगळ्या बाजूंचं नीट ऐकू येतं.”

“उपासक,” भन्ते म्हणाले.

पण गोंडाणे निघाले होते.

पडवीतल्या संगणकासमोर ते पाटावर बसले आणि कान पुढे केला. कुठल्याशा शाळेचा तो संगणक. त्याच्या अंगावर कुणीतरी कोरलेलं मुलीचं नाव अजून तसंच होतं.

आधी दारावरचा म्हणाला. मग बैठकीतला, स्वयंपाकघरातला, गोळीचा.

“साधु! साधु! साधु!”

घर माणसांनी भरल्यासारखं झालं. बायांचे बारीक आवाज, पुरुषांचे जाड, कुणाचं तरी खोकणं, मध्येच एक लेकरू किरकिरलं. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला आणि संपला. गोंडाण्यांना वाटलं, या वेळी ऐकू आली. डावीकडून, अगदी शेवटी. मग वाटलं, नाही आली.

घर पुन्हा होतं तसं झालं.

डोळे पुसून ते बैठकीत आले. “झालं, भन्ते. आता पुण्य अर्पण करू या. अर्पणाचं पाणी कुठं ओतायचं, ते…”

ताट झाकलेलं होतं. जसं ठेवलं होतं तसंच.

“भन्ते? काहून जेवले नाहीत जी? काही चुकलं का माझं? मीठ… पण तुम्ही तर चाखलंही नाही. काहून, भन्ते?”

रेवत भन्त्यांनी दोन्ही हात पुढे केले. रिकामे. तळवे वर केलेले, एकमेकांना लागून. तसेच धरून ठेवले.

गोंडाणे त्या हातांकडे पाहत राहिले.

समोर मांडलेलं अन्न भिक्खू आपल्या हातानं उचलून खात नाही. कुणीतरी ते त्याच्या हातात द्यावं लागतं. गोंडाण्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. विहारातल्या कितीतरी प्रवचनांत त्यांनीच माइक लावला होता. पण त्यांच्या घरात ताट उचलून द्यायची ती रत्नमाला; गेल्या वर्षी ते गल्लीतल्या बायांनी केलं होतं. त्यांच्या हातांनी ते काम कधी केलंच नव्हतं.

त्यांनी झडप घालून ताट उचललं. वरणाची वाटी कलंडली, बोटांवर ओघळ आले. “घ्या! घ्या भन्ते, माझ्या हातानं घ्या.”

भन्त्यांनी हात मागे घेतले.

बारा वाजून गेले होते.

ताट धरून गोंडाणे तसेच उभे राहिले. शेवटी त्यांनी ते खाली ठेवलं.

“मला सांगायचं होतं तुम्ही. एक शब्द बोलायचा होता.”

“मागून घेतलं तर ते दान कसलं?”

“मी पहाटेपासून राबलो, भन्ते. खीर दोनदा लागली बुडाला. दोनदा फेकली, पुन्हा केली.”

“मला वास आला होता,” भन्ते म्हणाले. “मलाही भूक होती.”

हे ऐकून गोंडाणे रडले. साहेबी थाटाचा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. बैठकीतल्या पडद्यावर रत्नमालाबाईंचे फोटो आपले सरकत होते. हसऱ्या, गंभीर, पुन्हा हसऱ्या.

“म्हणजे तिला काहीच पोहोचलं नाही. वर्षभर ती तिकडे उपाशी, असंच ना?”

“तिकडचं मला ठाऊक नाही. या घरात एक माणूस उपाशी आहे, तो मला दिसतोय.”

गोंडाण्यांना वाटलं, भन्ते स्वतःविषयी बोलताहेत. ते आणखीनच ओशाळले.

“उद्या या. बाराच्या आधी या. मी सगळी मशीनं बंद ठेवतो. हवं तर विकून टाकतो. एकही ठेवत नाही घरात.”

“मशीनांनी काय केलं?”

“मग मी काय करू?”

भन्त्यांनी आपलं पात्र उचललं. रिकामंच होतं. चीवर खांद्यावर नीट केलं आणि ते दारापर्यंत गेले. गोंडाणे मागे मागे गेले, हातांवर वरण तसंच.

“रेवत भिक्खू तुमच्या दारातून उपाशी गेला,” भन्ते म्हणाले. “तुमच्या बायकोच्या पुण्यानुमोदनाला. हे सांगा.”

“कुणाला?”

“लोकांना.”

“माझी छी-थू होईल, भन्ते. आधीच ही गल्ली माझ्यावर…”

“होईल.”

“विहारात फोन करून कळवू? अध्यक्षांना मी…”

“तोंडानं.”

“भन्ते, मी गेल्या वर्षी त्यांना ताटावरून उठवलंय. माझ्याशी कुणी बोलत नाही. कोण ऐकून घेईल माझं?”

रेवत भन्ते पायरी उतरले. गल्ली भर उन्हात रिकामी पडली होती. दोन्ही बाजूंची दारं लोटलेली होती, आणि त्यांच्या आड लोक जेवायला बसले होते.

“सांगा ना, भन्ते. कुणाला जाऊन सांगू?”

भन्ते मागे वळले नाहीत.

“जो दार उघडेल त्याला.”