युवराजांच्या खोलीची खिडकी

सोनखडीच्या युवराजांचं शिक्षण महालातच चाले. इतिहासाची वेळ आली तेव्हा दिवाण नारोपंत स्वतः लिहिलेली बखर घेऊन ऐटीत दरबारात आले. "हीच शिकवा. यात आपल्या घराण्याचा एकही पराभव नाही!"

महाराज खूश झाले. राणी मैनाबाईंच्या मात्र मनात वेगळंच आलं. हेच खरं मानून पोरगं उद्या फौज घेऊन निघालं तर?

"झकास बखर," त्या म्हणाल्या. "फक्त आधी गवंडी बोलवा. युवराजांच्या खोलीची खिडकी चिणून घ्यायची आहे."

"ती कशाला?" पंत गोंधळले.

"तिच्यातून आजेसासऱ्यांनी बांधलेला भैरवगड दिसतो, आणि त्यावरचं शेजाऱ्याचं निशाणही. आपण कधी हरलोच नाही, तर ते तिथे कसं, असं युवराजांनी विचारलं तर काय सांगू?"

महाराज ओशाळले, मग खदखदून हसले. "पंत, बखर पुन्हा लिहा. आणि लिहायला त्याच खिडकीत बसा!"