शून्य तासांचा शाफ्ट

टेहळणी हेलिकॉप्टरच्या शेपटीच्या पंख्याचा नवा शाफ्ट घेऊन रणदिवेशेठ लष्कराच्या भांडारात आले. सोबतच्या कार्डावर उड्डाणाचे तास होते शून्य. भांडार सांभाळणाऱ्या सुभेदार इंगवल्यांना मात्र शाफ्टवरच्या ताज्या रंगाचाच संशय आला.

"कार्ड बघा आणि सही करा," शेठ गुरकावले. "वरपर्यंत ओळख आहे माझी."

"सही केली असती हो," इंगवले हळहळले, "पण आम्हाला वर्गात दाखवायला झिजलेला शाफ्ट हवाय. नवा परत न्यावा लागेल."

"मग हाच ठेवा की! सहाशे तास उडालाय. रंग खरवडून बघा!"

इंगवल्यांनी पेन पुढे केलं. "तेवढं कार्डावर लिहा, शेठ. उद्या याच्या भरवशावर आमची दोन माणसं उडणार होती."