शेठाणीने पाणी मागितलं तेव्हा

फार फार वर्षं झाली, राजे हत्तीवरून फिरत तेव्हाची ही गोष्ट. एका श्रीमंत नगरात एक शेठाणी राहत होती. मनाने प्रेमळ, पण नगराच्या तटाबाहेर तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं.

तटाबाहेर ओढ्याकाठी गोरगरिबांची वस्ती होती. नगरात दिवसभर राबणारी माणसं संध्याकाळी तिथे परतत. त्या वर्षी वस्तीत हगवणीची साथ आली. नगरातली काही भली मंडळी सदावर्त चालवत. त्यांच्यातल्या एका आजोबांबरोबर शेठाणीही घोंगड्या वाटायला निघाली.

नाकाला पदर लावून ती अरुंद बोळांतून चालली होती. एका झोपडीत ठकू नावाची बाई आजारी लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. शेठाणीने दारातूनच घोंगडी पुढे केली आणि ती वळली.

ठकू म्हणाली, "बाईसाहेब, आलाच आहात तर घडीभर टेका की."

"अजून पुष्कळ घरं व्हायची आहेत."

"घरं मी करतो," आजोबा म्हणाले. "तुम्ही बसा."

शेठाणी अवघडून बसली. उन्हाने घसा कोरडा पडला होता. "थोडं पाणी देतेस?"

ठकूचा चेहरा पडला. "नका मागू, बाईसाहेब. आमचं पाणी ओढ्याचं. त्यानंच पोरगी अशी झाली. दारी आलेल्याला पाणी नाही म्हणायची वेळ आली बघा!" तिने डोळ्याला पदर लावला.

"चांगलं पाणी कुठेच नाही?"

ठकू घुटमळली. "आहे की. तुमच्याच मळ्यात विहीर आहे. पण फाटकावर राखणदार हाकलतो."

शेठाणीला मान वर करवेना.

घरी येताच ती शेठजींना म्हणाली, "उद्यापासून मळ्याचं फाटक उघडं राहील."

"अगं, सगळी वस्ती लोटेल! विहीर आटेल!"

"आटली तर आपणही ओढ्याचं पिऊ."



सकाळी शेठाणी स्वतः फाटकात उभी राहिली. बायका घागरी घेऊन बिचकत आल्या, मग निर्धास्त येऊ लागल्या. उन्हाळ्यात विहीर खोल गेली, शेठजी कुरकुरले, पण पाणी सगळ्यांना पुरलं. साथ ओसरली. ठकूची लेक उठून खेळू लागली.

लहानथोरांनो, ज्याला मदत करायची, त्याच्याजवळ आधी बसावं आणि त्याचं ऐकावं.